बोल्टाचं चारित्र्य

अहो, ऐकलंत का? भोसरीच्या बोल्टाकडे आता चारित्र्याचा दाखला मागतात! आणि मागतंय कोण, तर युरोपातलं गिऱ्हाईक. आटे खराब निघाले, गंज धरला, माप चुकलं, असलं काही नाही हो. बोल्ट खणखणीत आहे. पण जन्मल्यापासून यानं हवेत किती कार्बन सोडला ते लेखी द्या म्हणे. काय बाई एकेक!

आमचे एक स्नेही एमआयडीसीत नटबोल्ट करतात. पूर्वी चहाला आले की चाकणचा ट्रॅफिक आणि न टिकणारी पोरं, एवढेच विषय. हल्ली कपात बिस्किट बुडवता बुडवता ‘एम्बेडेड एमिशन’ म्हणतात. युरोपीय संघानं सीबॅम नावाचा सीमेवरचा कार्बनकर काढलाय ना! 1 ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती मागत होते, 2026 पासून गोष्ट पैशांवर आलीय. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत अशा बड्या मंडळींच्या पंगतीत हा बोल्टही बसवलाय. वर्षाला 50 टनांच्या आत माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे म्हणतात, पण यांचं गिऱ्हाईक पडलं मोठं. शिवाय त्याला नुसत्या करानं समाधान नाही, आयएसओ 14067 प्रमाणे मालाचा साग्रसंगीत हिशेब हवाय. मग काय, काढा वर्षाची लाइट बिलं! ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. त्यात हीट ट्रीटमेंट एकाकडे, प्लेटिंग दुसऱ्याकडे. प्लेटिंगवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “शेठ, आधीचं बिल द्या, मग कार्बन सांगतो.”

पण खरी भानगड माहेरची आहे. वायर रॉड आला कुठून? कोळशाच्या झोतभट्टीतून निघालेलं पोलाद टनामागे सव्वादोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडतं, हा जगाचा सरासरी हिशेब. तेच भंगार वितळवून केलं, तर टनाच्या आत भागतं. म्हणजे ज्या भंगाराकडे बघून आपण नाक मुरडायचो, तेच निघालं खानदानी! आपल्या पोलाद मंत्रालयानंही डिसेंबर 2024 मध्ये हिरव्या पोलादाची व्याख्या केली. टनाला 2.2 टनांच्या आत असाल तर तारे मिळायला सुरुवात, 1.6 च्या खाली पाच तारे. हॉटेलं मागे पडली, आता सळया फाइव्ह स्टार.

आणि कापडी पिशवी! तिच्याबद्दल कळलं तेव्हा तर मी डोक्यालाच हात लावला. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि पेठापेठांतून कापडी पिशव्यांचा सुकाळ झाला. हळदीकुंकवाला पिशवी, बँकेच्या सभेला पिशवी, पुस्तक प्रदर्शनात दोन. त्याच साली डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं हिशेब मांडला की सुती पिशवी निदान 52 वेळा वापरली, तरच हवामानापुरती ती प्लास्टिकच्या पिशवीच्या पंक्तीला बसते. पाणी, माती असं सगळं धरलं तर 7,100 वेळा! आमच्या दाराच्या खुंटीवर अशा इतक्या सत्शील बायका लटकल्यात की खुंटी वाकलीय, आणि एकीनंही अजून मंडई पाहिलेली नाही. (प्लास्टिक गटारं तुंबवतं ते वेगळं. त्याला या हिशेबात कुणी धरत नाही, ही आणखी एक गंमत.)

विलायतेत हे सगळं आधीच होऊन गेलंय बरं का. 2007 मध्ये वॉकर्सच्या वेफर्सच्या पुडीवर ‘75 ग्रॅम’ छापलं होतं, म्हणजे वेफर्सचं वजन नव्हे, कार्बनचं! पुडी 34.5 ग्रॅमची, पाप तिच्या दुप्पट. टेस्कोनं तर दुकानातल्या 70,000 वस्तूंवर चिठ्ठी लावायची शपथ घेतली. एकेका वस्तूचा हिशेब करण्यात महिनेच्या महिने जायला लागले, बाकीचे दुकानदारही काही सामील होईनात. 2012 मध्ये गुपचूप नाद सोडला.

आणि हिशेब कुठं थांबवायचा, तिथंच तर खरी मेख आहे. कारखान्याच्या दारापर्यंतच मोजायलाही परवानगी असते. फक्त तसं लिहायचं. आता गिझर घ्या. दाराबाहेर पडेपर्यंत अगदी सोज्वळ. पुढं दहा वर्षं कुणी अर्धा अर्धा तास आंघोळ केली, त्याचा उच्चार दाखल्यात नसला तरी दाखला खोटा ठरत नाही. म्हणून दाखला हातात पडला की आकडा नंतर, ‘कुठपासून कुठपर्यंत’ ते आधी वाचायचं. कोण वाचतंय म्हणा!

उरलेलं पाप झाडं लावून धुवायचं. पैसे भरा, लांब कुठंतरी रोपं लागतात, आणि माल ‘कार्बन न्यूट्रल’. युरोपात मात्र 27 सप्टेंबर 2026 पासून असल्या भरपाईच्या जोरावर मालाला हे बिरुद लावता येणार नाही. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर 2024 मध्ये नियम काढलेत: हिरवा दावा कराल तर पुरावा दाखवा. तेव्हा पुढच्या वेळी फ्लॅटच्या जाहिरातीत ‘नेट झीरो’ दिसलं, तर सरळ विचारा. सिमेंटसाठी एक टन क्लिंकर भाजताना, इंधन सोडा, नुसत्या चुनखडीतूनच अर्ध्या टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. तो कुठल्या झाडाला बांधलाय, त्याचा कागद मागा. सेल्स ऑफिसात बसवून घेतात, कॉफीही देतात म्हणे. शनिवारी जाऊया का?