आंब्याचा दर चौरस फुटाला
पुण्यात एरंडवण्यात, प्रभात रोडला किंवा सहकारनगरात नव्या इमारतीतला फ्लॅट पाहायला गेलं की कॉस्ट शीट हातात पडते. मूळ दर, फ्लोअर राइज, पार्किंग, क्लब हाउस, इथवर माणूस मान डोलावत वाचतो, कारण या गोष्टी निदान बिल्डर बांधतो तरी. मग येते ‘गार्डन फेसिंग’ची ओळ: चौरस फुटाला इतके रुपये जादा. हे गार्डन म्हणजे बहुतेक वेळा शेजारच्या बंगल्यातला आंबा. तो बिल्डरने लावलेला नाही, त्याला कधी तांब्याभर पाणी घातलेलं नाही, आणि ज्यांचा आहे त्यांना विचारलेलंही नाही. तरी विकायला काढला आहे, तोही प्रत्येक मजल्यावर नव्याने.

आकार चौरस फुटावर लागतो, ही यातली खरी प्रतिभा. आंबा दिसतो हॉलच्या बाल्कनीतून. पैसे मोजायचे अख्ख्या कार्पेट एरियावर. म्हणजे डक्टकडे तोंड केलेला संडास, मोलकरणीला वळता येत नाही ते भांडी घासायचं ड्राय बाल्कनीचं बोळकांड, वॉर्डरोबखाली गेलेली फरशी, सगळे आंब्याचे लाभार्थी. समजा, फ्लॅट 900 फुटांचा आणि आकार फुटाला 200 रुपये. 1 लाख 80 हजारांचा नजारा झाला. तो करारनाम्याच्या किमतीत मिसळला की बांधकाम चालू असलेल्या घरावरचा 5 टक्के जीएसटी, म्हणजे 9 हजार. त्यावर 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 12 हजार 600. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतलं तर सवलतीमुळे तिला आंबा एक टक्क्याने स्वस्त दिसतो. बिल्डरला मिळालं, सरकारला मिळालं, बँकेला वर्षानुवर्षं व्याज मिळत राहील. आंब्याच्या मालकाला काय? पालापाचोळा, आणि नव्या सोसायटीचं पत्र, की आपल्या झाडाचा चिकटा आमच्या गाड्यांवर गळतो, सबब फांद्या छाटाव्यात.

बरं, पैसे घेतले म्हणजे मालाची हमी असणार. रेरा कायद्याने कार्पेट एरिया लेखी द्यावा लागतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो पदरमोड करून दुरुस्त करायचा. आंबा पडला तर? 1882 चा सुविधाधिकार कायदा सांगतो की वीस वर्षं निर्वेध उपभोग घेतला तर खिडकीतून येणाऱ्या उजेडावर आणि हवेवर हक्क लागू शकतो. नजाऱ्यावर तसा हक्क लागत नाही. म्हणजे माल कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाही, पैसे मात्र भरलेले आहेत. तो टिकणार नाही हे विकणाऱ्याला सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं, कारण आंब्याच्या बंगल्याकडे रीडेव्हलपमेंटचा निरोप बहुधा त्यानेच धाडलेला असतो. नव्या इमारतीच्या जागीही काल बंगलाच होता, आणि त्यातला चिकू समोरच्या सोसायटीला कुणीतरी ‘गार्डन फेसिंग’ म्हणूनच विकला होता.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग घरं बांधायचीच नाहीत का? एका बंगल्यात तिघांनी राहायचं आणि वीस कुटुंबांनी दूर माळावर टँकरची वाट बघत बसायचं? मुद्दा बिनतोड आहे. बांधा. वीस काय, चाळीस कुटुंबं आणा. पण दाटी विकताना दाटीचा दर लावा. दाटीने जे संपणार आहे त्याचे जादा पैसे कसले? कुणी म्हणेल, घेणारा अडाणी नसतो, राजीखुशीने देतो. देतो खरा. शांतताही तो अशीच घेतो. तिला निदान आकडा तरी आहे: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, असं 2000 चे ध्वनी नियम म्हणतात. त्याच गल्लीत चार साइटवर ब्रेकर चालू असताना तो आकडा कुणाच्या कानी पडत नाही, एवढंच.

तिसरं उत्तर मात्र डोक्यात तिडीक आणतं: एक तोडलं तर साठ लावतो. वृक्षसंरक्षणाचा 1975 चा राज्याचा कायदा 2021 मध्ये सुधारला, पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावणं आलं. हेतू चांगला. पण साठ वर्षांच्या आंब्यामागची साठ रोपं एरंडवण्यात लावणार कुठे? कुंपणापासून कुंपणापर्यंत तळघर, त्यावर पार्किंग, त्यावर पोडियम, पोडियमवर वीतभर माती आणि उरलेल्या जागी प्लास्टिकची हिरवळ. खाली दोन हात जमीन वाचलीच तर तिथे पेव्हर ब्लॉक. ही पीडा कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली? थेट खोडाला भिडवतात, मुळांशी पाण्याचा थेंब मुरू देत नाहीत, मग झाड वाळलं की ‘धोकादायक’ म्हणून तोडायचा अर्ज करतात, आणि मे महिन्यात बोअर आटली म्हणून तातडीची सभा बोलावतात! मातीची एवढी किळस असेल तर हिरव्या भागात येता कशाला? साठ रोपं शेवटी गावाबाहेरच्या कुठल्यातरी उघड्या जागेत जातात, आणि चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून ती दिसत नाहीत.

तेव्हा करारनाम्यात एकच कलम वाढवावं: आंबा पडला तर ‘गार्डन फेसिंग’चे पैसे व्याजासकट परत. मग शेजारच्या बंगल्याच्या फाटकात ‘काका, एवढ्यात विकू नका हो’ म्हणून बिल्डर स्वतः पेढे घेऊन उभा राहतो की नाही, बघा.