माझा ड्रॅको असा नाही!

दुसऱ्याच्या पात्रांवर कथा लिहिणारा, ज्याला फॅनफिक्शनकार म्हणतात, तो मुळात एक नाराज वाचक असतो. रोलिंगबाईंनी 2007 साली ‘हॅरी पॉटर’च्या सातव्या पुस्तकाच्या अखेरीस एकोणीस वर्षांनंतरचे जे संसार थाटून दिले, ते याला पटलेले नसतात. हर्मायनी रॉनच्या पदरात पडली आणि ड्रॅको मॅल्फॉयची स्टेशनवर नुसती मान हलवून बोळवण झाली, हे याच्या मनाला लागतं. मग तो शेवटचं प्रकरण घडलंच नाही असं जाहीर करतो आणि ड्रॅकोला सुधारायला घेतो. यावर आक्षेप घ्यायचं कारण नाही. ‘मृत्युंजय’वर पोसलेल्या मराठी वाचकाने तर घेऊच नये. पण त्याची ही भलीमोठी कथा म्हणजे मूळ लेखिकेला, तिने न मागता दिलेला अभिप्रायच आहे, हे विसरून चालणार नाही. गंमत सुरू होते ती या माणसाला कुणीतरी अभिप्राय देतं तेव्हा.

‘छान! पुढचा भाग कधी?’ या अभिप्रायात कथेबद्दल अवाक्षर नसतं, तरी तो जेवता जेवता पुन्हा पुन्हा वाचला जातो आणि ‘आपल्यासारख्या रसिकांमुळेच लिहायला बळ येतं’ असं उत्तर ताबडतोब रवाना होतं. खरा कस लागतो तो जाणकार वाचकापुढे. ‘ड्रॅको थेट हॉगवर्ट्सच्या भोजनगृहात प्रकट कसा झाला? त्या आवारात कुणाला अपॅरेट होता येत नाही, हर्मायनी सांगून सांगून थकली की हो!’ आता ही सरळसरळ चूक आहे. पण आपला लेखक लिहितो, ‘इतकं बारकाईने वाचलंत, मनःपूर्वक आभार! ते मुद्दामच तसं ठेवलंय. पुढे उलगडेल.’ तोवर त्या कथेत मुद्दाम केलेलं असं काहीही नसतं. मग रात्री जागून आवाराच्या संरक्षक मंत्राला भगदाड पाडावं लागतं, ते पाडायला एक फितूर प्राध्यापक आणावा लागतो आणि फितुरीला कारण हवं म्हणून त्याला एक दुःखी बालपण द्यावं लागतं. पुढे वाचकांना कथेत सर्वांत आवडतो तो हाच प्राध्यापक. माझं म्हणणं एवढंच आहे की या लेखकाचं अस्सल लेखन कथेत शोधू नये, ते खुलाशांत सापडतं. ड्रॅको त्याने उसना आणलेला असतो. प्राध्यापक मात्र चूक झाकताना त्याच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला असतो.

यावर कुणी म्हणेल, बिचारा फुकट लिहितो, त्याच्या चुका कशाला काढायच्या? पण फुकट कुठे? पात्रं दुसऱ्याची असल्याने कथा विकता येत नाही. (‘ट्वायलाइट’वर बेतलेली कथा नावं बदलून ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ म्हणून विकली गेली, पण ते नशीब सगळ्यांचं नसतं.) तेव्हा अभिप्राय हीच त्याची मजुरी, आणि मजुरीत फक्त कोऱ्या नोटा घेईन, चिल्लर नको, असं म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टीका कुठल्या लेखकाला झोंबत नाही? झोंबतेच. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग 1605 साली आला, 1614 मध्ये आवेयानेदा नावाआड दडलेल्या कुणीतरी त्याचा परभारे दुसरा भाग काढला, तेव्हा थोरल्या सर्व्हांटेसलाही राहवलं नाही. 1615 च्या आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात त्याने नायकाला झारागोझाची वाट सोडायला लावून बार्सेलोनाला नेलं, केवळ तो तोतया भाग खोटा ठरावा म्हणून! पण सर्व्हांटेसचा नायक सर्व्हांटेसचा होता. आपला गडी मात्र उसन्या पात्राबद्दल ‘माझा ड्रॅको असा वागणारच नाही’ असं ठणकावतो. 2014 साली खुद्द रोलिंगबाईंनी रॉन-हर्मायनीची जोडी म्हणजे आपलीच इच्छापूर्ती होती असं कबूल केलं, तेव्हा याने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. एरवी बाई याच्या मनाविरुद्ध बोलल्या, की कलाकृती एकदा जगापुढे आली की तीवर लेखकाचा हक्क उरत नाही, हे तत्त्व त्याच्या तोंडी तयार असतं.

हे तत्त्व स्वतःला लावायची वेळही यथावकाश येते. तोच जाणकार वाचक एक दिवस तो फितूर प्राध्यापक उचलतो, त्याचं ड्रॅकोच्या विधवा मावशीशी, अँड्रोमेडाशी, लग्न लावून देतो आणि कथा याच्याकडे मोठ्या नम्रपणे अभिप्रायासाठी पाठवतो. उत्तराची सुरुवात रिवाजाप्रमाणे मनःपूर्वक आभारांनीच होते. दुसरं वाक्य असतं, ‘पण मूळ पात्राच्या स्वभावाशी हे जरा विसंगत वाटतं.’