सर साल्टर स्कॉट यांस सिंदेवाहीहून खुले पत्र

प्रति,
सर साल्टर स्कॉट, मीठगाडी,
मुक्काम स्कॉटलंड.

विषय : सिंदेवाही तालुक्यात हिवाळ्यापुरते प्रतिनियुक्तीवर येण्याबाबत.

महोदय,
सा. न. वि. वि.

आपण माणूस नसून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक आहात, याची आम्हाला कल्पना आहे. तरी पत्र आपल्यालाच लिहीत आहोत, कारण माणसांना लिहून झाले. पोच मिळाली.

तिकडे लोक मीठगाड्यांना नावे सुचवतात आणि कोणती गाडी कुठे फिरते आहे, हे नकाशावर घरबसल्या बघतात, असे वाचले. रस्ता गोठण्याचा अंदाज आला की आपण बर्फ धरण्याआधीच निघता. चौरस मीटरला साधारण १० ते २० ग्रॅम मीठ, तेही मोजून. तुमच्या शेजारच्या इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २००३ साली महामार्ग कायद्यात दुरुस्ती झाली आणि होईल तितके करून रस्ता बर्फापासून निर्धोक ठेवणे हे रस्ता सांभाळणाऱ्या खात्याचे कर्तव्यच ठरले. आधी निघायचे, मोजून टाकायचे आणि वर जबाबदारही राहायचे! या तिन्हींपैकी एक जरी गुण इकडे दाखवलात तरी आपली बदली होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे बर्फ पडत नाही. आमचा चंद्रपूर जिल्हा मे महिन्यातल्या पाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. पण घसरण्याची गैरसोय होऊ नये म्हणून गिट्टी आहे. पावसाळा संपला की खड्ड्यांत गिट्टी पडते. डांबर मागाहून येणार असते. ते येईपर्यंत ट्रकची चाके ती गिट्टी खड्ड्यातून काढून रस्ताभर पसरवतात, म्हणजे आपले सगळे काम इथे फुकटात होते. वळणावर अशा गिट्टीवर कुणी पुढचा ब्रेक दाबला, तर मोटारसायकल आपल्या स्कॉटलंडातल्यासारखीच आडवी होते. गोठलेल्या रस्त्याचा नियम आम्हाला म्हणूनच शिकवावा लागत नाही : वेग आधी कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही.

मग धान. हा तालुका धानाचा. इथल्या कृषी संशोधन केंद्राने धानाचे वाण काढले, आणि एचएमटी तांदूळ शोधणारे दादाजी खोब्रागडे शेजारच्या नागभीड तालुक्यातले. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून जास्त ओलीचे धान घेत नाहीत. शेतात चिखल, अंगणात जागा नाही, आणि समोर काळाभोर तापलेला डांबरी रस्ता. शेतकऱ्याने दुसरे करावे तरी काय? अर्धा रस्ता धानाचा, अर्धा वाहनांचा, मधे सरहद्द म्हणून डोक्याएवढे दगड. संध्याकाळी ढीग करून त्यावर काळी ताडपत्री टाकतात. रात्री काळ्या रस्त्यावर काळी ताडपत्री दिव्याच्या उजेडात शिरते तेव्हा अंतर दहा-पंधरा पावलांचे उरलेले असते. काही दिवसांनी धान केंद्रावर जाते. दगड तिथेच राहतात.

त्यात तणसाची ट्रॉली. दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली, आणि मागचा लाल दिवा असलाच तर तणसाखाली गाडलेला.

आणि हे सगळे केव्हा, तर नाटकांच्या दिवसांत. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रा भरतात, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. ते सुटते तेव्हा तलावांवरचे धुके रस्त्यावर उतरलेले असते. रात्रभर जागलेला, कानाला मफलर गुंडाळलेला माणूस ट्रिपल सीट निघतो आणि काही दिसत नाही म्हणून मोठा लाईट लावतो. धुक्यात मोठा लाईट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. छोटा लाईट लावा, हे सांगणारा मंडपात कुणी नसतो. खलनायकाला शिव्या द्यायला मात्र अख्खा गाव असतो.

एक विनंती. येताना मीठ आणू नका. कॅनडात जास्परजवळ लोकांना सांगावे लागले, की मूस नावाच्या हरणाला तुमच्या गाडीवरचे मीठ चाटू देऊ नका. आमच्या रस्त्यांना दोन्हीकडून जंगल आहे. मीठ पडले की चितळ येतील, सांबर येतील, आणि त्यांच्या मागे जो येईल तो ब्रह्मपुरी वनविभागात तसाही कमी नाही. तो मीठ चाटायला येणार नाही.

मिठाऐवजी आपली सवय आणा. तुमचा बर्फ तरी लहरी. आमची संकटे तारीख सांगून येतात. धान कधी कापले जाणार, नाटके कधी लागणार, धुके कोणत्या तलावाशी दाटणार, हे इथले पोरही सांगेल. मग दिवाळीआधी गिट्टीवर डांबर का पडू नये? वळणांवर पांढरे पट्टे, ट्रॉलीच्या मागे रेडियम आणि गावागावात धान वाळवायला सिमेंटचा ओटा, यांसाठी अपघाताची वाट का बघावी? आपण निघता अंदाजावरून. इकडची यंत्रणा निघते पंचनाम्यावरून. फरक एवढाच आहे, आणि तो बर्फाचा नाही.

उन्हाळ्यातही थांबलात तर काम आहे. २०२२ च्या जुलैत ब्रिटनमध्ये डांबर वितळू लागले तेव्हा आपल्याच भाऊबंदांना वाळू टाकायला काढले होते. आमच्याकडे तो जुलै दरवर्षी मे महिन्यात येतो.

कळावे,
आपला,
सिंदेवाहीचा एक दुचाकीस्वार

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव : धान उचलणाऱ्यांनी दगडही उचलावेत. ट्रॉलीवाल्यांनी पाच-पन्नास रुपयांची रेडियमपट्टी आजच चिकटवावी. आणि नाटक सुटल्यावर, भाऊ, उजाडेपर्यंत मंडपातच चहा घ्या. घरी जायला सकाळही चालते.