झोपेला हरकत कोणाची?

वीज कशी वाचवावी याचे धडे विसरवाडीला देण्याचं धाडस संगणकाशिवाय दुसरं कोणी करणार नाही. नवापूर तालुक्यातलं, सुरत-धुळे महामार्गावरचं, धुळ्याकडून येताना कोंडाईबारी घाट ओलांडल्यावर लागणारं हे गाव. वळवाच्या पावसात एक फांदी तारेवर पडली, की वायरमन येईपर्यंत अख्खा बाजार न सांगता वीजबचत करतो. शेतातल्या थ्री फेजचं तर वेळापत्रकच असतं, कधी दिवसाचं, कधी रात्रीचं. अशा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, शाळेत संगणक अपडेट होतो आणि पडद्यावर चिमुकलं हिरवं पान दाखवून सुचवतो, की स्क्रीन लवकर बंद करा, पृथ्वीवरचा कार्बन कमी होईल. एवढा उपदेश करून हा गृहस्थ स्वतः मात्र रात्रभर पंखा फिरवत जागा बसतो. दुकानाचं शटर पडलं, मालक घरी जेवून झोपला, पण संगणकाला झोप नाही. सकाळी सगळ्यांचं एकमत होतं: अपडेटने बिघडवला. मला हे एकमत अर्धंच पटतं. अपडेटने यंत्र बिघडवलेलं नसतं. बहुतेक वेळा त्याने यंत्राला पुन्हा त्याच्या माहेरच्या सवयी लावलेल्या असतात. आणि ते माहेर अशा मुलखात आहे, जिथे लाईट जात नाही.

संगणकाची झोप ही सरकारी कामासारखी असते, हे एकदा ध्यानात घेतलं की निम्मा त्रागा कमी होतो. सगळ्यांचे ना-हरकत दाखले आल्याशिवाय ती मंजूरच होत नाही. ही व्यवस्था इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून १९९६च्या डिसेंबरात मांडली, तिला एसीपीआय म्हणतात. तोवर कधी झोपायचं हे बरंचसं मदरबोर्डवरचा बायोस ठरवत असे. या व्यवस्थेने तो अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमकडे आला. अधिकार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की काय होतं, हे नंदुरबारला दाखल्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको. साउंड कार्डचा ड्रायव्हर म्हणतो, माझा आवाज चालू आहे. नेटवर्क कार्ड म्हणतं, मला कोणी हाक मारली तर? प्रिंटरचं सॉफ्टवेअर म्हणतं, एक पान छापायचं राहिलंय. ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ अर्धवट थांबलेला असला, तर त्याचाही अर्ज दाखल असू शकतो. एकाची जरी हरकत असली, तरी फाईल पुढे सरकत नाही. मोठ्या अपडेटमध्ये ड्रायव्हर बदलतात, पॉवर प्लॅनमधल्या काही खुणा मूळ पदावर येतात, आणि कधीकाळी मोठ्या मिनतवारीने मिळवलेले सगळे दाखले एका रात्रीत रद्द होतात.

सरकारी कचेरीपेक्षा संगणक एका बाबतीत मात्र सरस आहे. हरकत कोणाची, हे तो विचारल्यावर लगेच सांगतो. अडचण इतकीच, की त्याला कोणी विचारत नाही. अपडेटनंतर झोप उडाली की आपल्याकडचे उपाय ठरलेले: बंद करून चालू करणं, मग अँटिव्हायरस टाकणं, मग भाच्याला बोलावणं, आणि भाचा म्हणजे फॉरमॅट. वास्तविक विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ असा हुकूम दिला, की त्या क्षणी कोणाकोणाचा झोपेला आक्षेप आहे याची यादी समोर येते. ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ म्हटलं की शेवटचं कोणी उठवलं ते कळतं, आणि ‘/वेकटायमर्स’ विचारलं की पुढे उठवायचा गजर कोणी लावून ठेवलाय तेही. या शेवटच्या यादीत अधूनमधून जे नाव निघतं ते वाचून माणसाने हसावं की रडावं, हे कळत नाही. ते असतं अपडेट करणाऱ्या विभागाचंच: नवं अपडेट बसवून यंत्र पुन्हा सुरू करायचं, म्हणून अपरात्री गजर. हे सगळं त्या ठरावीक तासांच्या बाहेर होतं, ज्यांना विंडोज मालकाचे कामाचे तास समजतं. २०१६च्या आवृत्तीपासून ते मुळात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच असे धरलेले होते. महामार्गावरच्या दुकानाचे कामाचे तास लाईट ठरवते, हे त्या आठ-ते-पाचला माहीत असण्याचं कारण नाही.

आणखी एक वही यंत्राच्या पोटात असते, इव्हेंट व्ह्यूअर नावाची. तिच्यात ‘पॉवर-ट्रबलशूटर’ या नावाखाली प्रत्येक जागं होण्याची वेळ आणि कारण नोंदलेलं असतं, आणि ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ नंबरची नोंद असते. नीट बंद न होता यंत्र एकदम बसलं आणि मग पुन्हा सुरू झालं, असा तिचा अर्थ. यूपीएसची बॅटरी मेलेल्या दुकानात ही ४१ नंबरची पानं उलटत गेलात, तर महिनाभर लाईट कधी कधी गेली होती याचा बराचसा हिशेब मिळेल. पुष्कळदा तिथेच खरा गुन्हेगार सापडतो. लाईट आली की आपोआप सुरू व्हायचं, अशी एक खूण बायोसमध्ये करता येते. ती केलेली असली, तर रात्री दोनला लाईट येते, संगणक उठतो, आणि पंखा ऐकून शेजारी म्हणतो, अपडेटनंतर हा भुताने झपाटलाय. इथे भुताचाही संबंध नसतो, आणि अपडेटचा तर मुळीच नसतो.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही कंपन्यांचे वकील दिसता. अपडेटने खरोखर वीज खाल्ल्याची उदाहरणं काय कमी आहेत? नाहीत कमी. २०११ साली लिनक्सची २.६.३८ ही आवृत्ती आली आणि कित्येक लॅपटॉपची बॅटरी आधीपेक्षा लवकर संपू लागली. शोधाशोध केल्यावर निघालं ते असं: आतल्या एका जोडणीची वीज वाचवण्याची सोय आपल्याकडे नाही, असा शेरा काही यंत्रांच्या बायोसमध्येच मारलेला होता, आणि नव्या आवृत्तीने तो कागद प्रामाणिकपणे खरा मानून सोय बंद केली. कागदावर नाही म्हणजे नाही, मग माणूस समोर उभा असो! दुसरं उदाहरण अॅपलचं. जानेवारी २०१७च्या आयओएस १०.२.१ या अपडेटनंतर जुनी बॅटरी असलेले आयफोन गुपचूप मंदावले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केलं, अशी कबुली आली ती त्या वर्षाच्या डिसेंबरात. मग माफी, स्वस्तात बॅटरी, आणि २०२० साली अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड. पण याच्या उलट बाजूही आहे. विंडोज ७ आल्यावर २०१०च्या सुरुवातीला जगभर ओरड झाली, की हे नवं सॉफ्टवेअर चांगल्या बॅटरीला ‘बदला’ म्हणतंय, नव्हे, बॅटरी मारतंय. मायक्रोसॉफ्टने तपास करून सांगितलं, की बॅटऱ्या खरंच थकलेल्या होत्या, आधीची आवृत्ती ते बोलून दाखवत नव्हती इतकंच. खरं बोलणाऱ्याला गावात काय वागणूक मिळते, ती विंडोज ७लाही मिळाली. तिन्ही प्रकरणांत निकाल वेगळा लागला, पण लागला तो नोंदी आणि मोजमाप पाहून, चहाच्या टपरीवर नव्हे.

मग अपडेटच नको, हा पुढचा आक्षेप, आणि तो सर्वांत लोकप्रिय. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेलं होतं. ज्यांनी अपडेट पुढे ढकललं, ते सापडले. ज्या संगणकात गावाच्या जातीच्या दाखल्यांची, शिष्यवृत्तीच्या अर्जांची आणि सातबाऱ्यांची कागदपत्रं पडून असतात, त्याच्या मालकाने हा जुगार खेळू नये असं मला वाटतं. बरं, रोज रात्री शटडाऊन करू, म्हणजे झोपेचा प्रश्नच मिटला, असं म्हणावं, तर विंडोज ८पासूनचं शटडाऊन हे बऱ्याच यंत्रांवर पूर्ण शटडाऊनच नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असलं, की सिस्टीमचा गाभा डिस्कवर गुंडाळून ठेवला जातो आणि सकाळी तोच उलगडला जातो. त्यामुळे अपडेटनंतर अडलेला ड्रायव्हर चार रात्री बंद करूनही अडलेलाच राहतो, आणि एकदा रीस्टार्ट केलं की सुटतो. बंद करण्यापेक्षा पुन्हा सुरू करण्यात जास्त बंद होतं, हे कोणाला समजावून सांगायची सोय नाही; पण आहे तसं.

आता खरा व्यवहारी आक्षेप: एवढ्या उठाठेवीने वाचतं किती? मॉनिटरसकट साधा डेस्कटॉप रिकामा बसून ६० वॅट घेतो असं धरू. रात्रीचे १४ तास म्हणजे ८४० वॅट-तास, महिन्याला २५ युनिट. झोपलेला असेल आणि ३ वॅट घेत असेल, तर महिन्याला सव्वा युनिट. उरलेल्या युनिटांवर पाच अश्वशक्तीचा पंप साडेसहा तासांच्या आतबाहेर चालेल. जग उलथत नाही याने, कबूल. पण हीच वीज जर पृथ्वीच्या नावाने वाचवायची असेल, तर विंडोज अपडेटला आलेली नवी समज मोठी गमतीची आहे. प्लगला जोडलेला संगणक, त्या भागाच्या विजेतल्या कार्बनची माहिती मिळत असेल तर, स्वच्छ वीज जास्त असलेल्या वेळी अपडेट बसवायचा प्रयत्न करतो. घाटापलीकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे, त्यामुळे वारा सुटला की अपडेट व्हावं हे तत्त्वतः बरोबरच. फक्त वारा सुटला की इथे फांदीही पडते.

म्हणून माझं म्हणणं असं, की अपडेटनंतर हरकती शोधून ‘स्लीप’ पूर्ववत केली म्हणजे विसरवाडीपुरतं काम संपलं, असं मुळीच नाही. स्लीपमध्ये उघडी कामं मेमरीत राहतात आणि मेमरीला थेंब थेंब का होईना, वीज लागते. यूपीएस रिकामा झाला की अर्धा भरलेला फॉर्म गेला, आणि वहीत ४१ नंबरची आणखी एक नोंद. इथे हवं ते हायबरनेट: सगळं डिस्कवर उतरवून ठेवायचं, मग भिंतीवरचं बटण खुशाल बंद करावं. लाईट गेली तरी फरक नाही, अपरात्रीचा गजर वाजला तरी उठायला वीजच नाही. त्यात उशीर लागतो, जुन्या हार्ड डिस्कवर जरा जास्तच, हा आक्षेप खरा आहे. पण एवीतेवी सर्व्हर डाऊन असलेल्या सरकारी पोर्टलसमोर बसणाऱ्याला त्या मिनिटाची मातबरी नसावी. पोर्टल तसंही तुम्ही जागे असताना लॉगआऊट करतं. इतका सोयीचा पर्याय विंडोज ८पासून पॉवरच्या मेनूत मुळातच दिसत नाही. अखंड विजेच्या मुलखात त्याची गरज वाटली नसणार. तो आणायला कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर बटणाने काय करायचं त्या पानावर जावं, तिथे ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला’ असा एक दुवा आहे, तो दाबावा, मग हायबरनेटपुढची चौकट उजळते, तिच्यात खूण करून सेव्ह करावं. खूण करण्याजोगी चौकटच तिथे नसेल, तर अॅडमिनिस्ट्रेटरच्या त्याच काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन’ असा हुकूम आधी द्यावा. पुढचं मोठं अपडेट झालं की ती खूण जागेवर आहे ना, तेवढं पाहून घ्यावं; आणि भाच्याला बोलवायचंच असेल तर चहाला बोलवावं.