बुरुनोचा खरारा

पावतीवरचा आकडा २,४०० होता. आबांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, पावती परत वाचली आणि विचारलं, "कशाचे म्हणलास?"

"आंघोळ, केस विंचरणं, नखं, कान."

"कोणाचे?"

मी बुरुनोकडे बोट दाखवलं. तो ओसरीवर शांपूच्या वासात पसरला होता. आबांनी पावतीची घडी घालून ती माझ्याच खिशात परत ठेवली. राग आला की ते असंच करतात, बोलत नाहीत.

त्यांचंही बरोबर होतं. आमच्या कोल्हारात शंभराच्या नोटेला अजून मान आहे. आबांच्या लहानपणी तर न्हावी वर्षभर घरादाराची डोकी भादरायचा आणि सुगीला खळ्यावरून बलुतं घेऊन जायचा. आणि मी राहुरी, कृषी विद्यापीठ मागं टाकत, नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवत नगरला जाऊन कुत्र्याचे केस विंचरून आलो होतो. डिझेल वेगळं.

बुरुनो मूळचा पुण्याचा. त्याचं खरं नाव ब्रूनो. पुतण्या कॅनडाला गेला तेव्हा नावासकट आमच्याकडे आला आणि आबांच्या तोंडी बुरुनो झाला. लांब केसांचा जर्मन शेफर्ड, वजन अडतीस किलो, त्यातलं निम्मं केसांचं असावं. आबांच्या पिढीला ही जात 'अल्सेशन' म्हणून ठाऊक. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना जर्मन नावाचं वावडं झालं, तेव्हाचं ते बारसं. मूळ धंदा मेंढ्या राखण्याचा. १८९९ साली जर्मनीतल्या घोडदळाच्या एका कॅप्टनानं मेंढपाळांच्या कुत्र्यांतूनच ही जात नावारूपाला आणली. आमच्या शेपर्डानं मात्र मेंढरू पाहिलेलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी ठरवलं, घरीच करायचं. गोठ्यात बांधला आणि फवारणीचा एचटीपी पंप लावला. ह्याच पंपानं आमची गाय धुतली जाते, मोटारसायकल धुतली जाते. दोघींनी कधी तक्रार केली नाही. बुरुनोनं दावं तोडलं. नळीनं हळूहळू धुवायला घेतला तर पाणी वरच्या केसांवरून ओघळून जाई. बोटं आत घातली तर आत कोरडी, कापसासारखी लव. त्या लवेत शेतातली कुसळं, दोन गोचिडा आणि कानामागं सुपारीएवढी जट. जटेला कात्री लावणार तोच आत्या ओरडली, "देवीची असंल, कापू नको." कुत्र्याला देवी कशाला जट देईल, हे तिला विचारायची हिंमत मला झाली नाही.

खरी अडचण वाळवण्याची. बायकोचा हेअर ड्रायर लावला, दहा मिनिटांत लाईट गेली. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगाला ओल्या गोणपाटाचा वास आणि मांडीवर लाल चट्टा.

त्याच आठवड्यात आमच्या मोकळ्या वावरात धनगराची मेंढरं बसली होती. बांधावर कातरणी चालली होती. मेंढी पायात धरून, मोठ्या कातरीनं पोटाकडून सुरुवात करून माणूस अशी लोकर सोलत होता, जणू संत्र्याची साल. मी बुरुनोला पुढं केलं.

"ह्यालापण घ्या की, मामा. काय ते पैसे देतो."

मामांनी कातर खाली ठेवली, बुरुनोच्या पाठीत पाची बोटं रोवली आणि केस उलटे फिरवून आत पाहिलं. "ह्याला कातरू नका. आतली लव गेली तर ऊन थेट कातड्याला लागंल. विंचरा नुसतं." मग नगरचा दर विचारला. मी सांगितला. ते हसले नाहीत. समोरच्या ढिगाकडं पाहत म्हणाले, "आमची लोकर आता फुकट द्या म्हणलं तरी कोणी नेईना."

नंतर नगरला गेलो तेव्हा बाहेर चहा पीत बसलो नाही, काचेतून पाहत उभा राहिलो. दोघं जण, पावणेतीन तास. त्यातला तासभर नुसतं वारं मारणं, कारण ओल आत राहिली की कातडं नासतं, ते माझ्या घरी सिद्ध झालंच होतं. ती मुलगी एका हातानं कान झाकत होती, दुसऱ्या हातानं केस मुळापर्यंत फाकवत होती. खोलीभर केस उडत होते, तिच्या पापण्यांवरसुद्धा. दंडावर एक जुना ओरखडा. "भादरून टाकलं तर स्वस्तात होईल का?" मी विचारलं. "नाही काका. तीच त्याची छत्री आहे. कुत्र्याला घाम पंजांना येतो, अंगाला नाही. तो जीभ काढून गार होतो. केस वर्षातून दोनदा गळतात तेवढे काढायचे." मामांचंच म्हणणं, फक्त पावतीसहित. ह्या वेळी मी घासाघीस केली नाही.

श्रावणातल्या पोळ्याला आबांनी बैलांना हिंगूळ, बेगड, गोंडे, नवे कासरे आणले. आदल्या संध्याकाळी खांद्यांना हळद-तूप चोळलं. मी सहज विचारलं, "किती झाले?"

"सणाचा हिशोब करतात व्हय रं?"

मी पावतीचा विषय काढणार होतो, पण तेवढ्यात लोणीच्या बाजारातला खरारा घेऊन ते बैलांवरून सरकत सरकत दाव्याच्या टोकाला बसलेल्या बुरुनोपर्यंत पोचले. त्यानं पाठ वाकवली आणि डोळे मिटले. अर्धी पाटी केस निघाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी, बैल झाले की बुरुनो. गोठ्याच्या कुंपणावर अडकलेले केस चिमण्या घेऊन जातात.

परवा नगरची मुलगी म्हणाली, "काका, ह्या वेळी केस फारच छान ठेवलेत." बिल तेवढंच, २,४००. घरी आल्यावर आबांनी पावती हातात घेतली, पूर्ण वाचली आणि म्हणाले, "खराऱ्याचे वजा करायला सांगितले नाहीस?"