सरकारचं भारनियमन

सरकार केवढं असावं, यावर विद्वान मंडळी जाडजूड पुस्तकं लिहितात. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या वणीत पुस्तकाची गरज पडत नाही. उपबाजारात कांद्याचा आजचा भाव काय निघाला, एवढं विचारलं की सरकारचा आकार कळतो. भाव पडला की सरकार एवढंसं होतं, चढला की ट्रॉलीवर चढून बसतं.

कांदा पाचशे रुपये क्विंटलवर आला की सरकारची मुक्त बाजारावर गाढ श्रद्धा बसते. मागणी-पुरवठ्याचा नियम, त्यात आम्ही काय करणार? तोच कांदा चार हजारांकडे निघाला की श्रद्धा उडते आणि अधिसूचना निघते. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान किंमत आली. डिसेंबरात सरळ बंदीच. मे २०२४ मध्ये, आमच्याकडे मतदान तोंडावर असताना, बंदी उठली. पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. सप्टेंबरात, विधानसभेचे वारे वाहू लागताच, अट गेली आणि शुल्क निम्मं झालं. उरलेलं १ एप्रिल २०२५ ला गेलं. ज्यानं जन्मात डॉलरची नोट पाहिली नाही, त्याच्या कांदाचाळीतल्या मालाचं नशीब डॉलरात ठरत होतं. याला जागतिकीकरण म्हणतात म्हणे.

सरकार शेतकऱ्याला विसरलं, असा आरोप मात्र कुणी करू नये. २०२३ च्या त्या शुल्काविरुद्ध लिलाव बंद पडले, तेव्हा दोन लाख टन कांदा २,४१० रुपये क्विंटलनं घेण्याची आनंदवार्ता तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी थेट जपानहून दिली. प्रश्न नाशिकचा, उत्तर दिल्लीचं आणि दवंडी जपानहून! पुढं २५ एप्रिल २०२४ ला, बंदी चालू असतानाच, प्रामुख्यानं गुजरातेत पिकणारा दोन हजार टन पांढरा कांदा परदेशी पाठवायला परवानगी मिळाली. आमच्या कांद्याचा रंगच आड आला. त्याला कोण काय करणार?

यातला मुकुटमणी मात्र २०२० चा. जूनमध्ये वटहुकूम काढून कांद्याला जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून सोडवलं. शेतकरी स्वतंत्र झाला, अशा जाहिराती झळकल्या. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली आणि १५ सप्टेंबरला लोकसभेनं त्याच स्वातंत्र्याचं विधेयक मंजूर केलं. आदल्या दिवशी दाराला कडी, दुसऱ्या दिवशी दार उघडल्याचे पेढे.

आता वाहिन्यांकडे वळू. त्यांच्या डोळ्यांना कांदा फक्त महाग झाल्यावरच झोंबतो. शहरात साठ रुपये किलो झाला की ‘कांद्यानं रडवलं’ ही पट्टी तयारच असते. गृहिणी रडते, हॉटेलवाला रडतो, निवेदिका रडवेली होते. इकडं लिलावात व्यापारी ट्रॉलीतला एक कांदा उचलतो, बोटांनी साल चोळतो, बोली लागते आणि चार महिने चाळीत राखलेल्या मालाचा अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, तर तेवढाही वेळ मिळत नाही. भाव अगदीच मातीत गेला तर एखादा वार्ताहर येतोही, पण त्याची पहिली विनंती ठरलेली: “काका, दोन-चार कांदे रस्त्यावर फेका ना, व्हिज्युअल चांगलं येईल.”

१५ मे २०२४ ला पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधान बोलत असताना एका तरुणानं ‘कांद्यावर बोला’ अशी हाळी दिली. त्यानंतर चर्चा रंगली ती तो तरुण कोणत्या पक्षाचा यावर. कांदा कोणत्या पक्षाचा, हे जूनमध्ये लोकसभेच्या निकालात कळलं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे सर निवडून आले.

सरकारनं आमच्या पाठीवरून उतरावं, हे सांगणारा माणूस आम्हाला मिळाला नव्हता असंही नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० मध्ये याच जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन उभं केलं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आम्ही घसा बसेपर्यंत दिली. १९९४ मध्ये त्यांनी सरकारचा पसारा आवरायला निघालेला स्वतंत्र भारत पक्ष काढला. आम्ही त्यांच्या सभेला गेलो आणि मतं पसारा वाढवणाऱ्यांना दिली. २०२३ मध्ये भाव कोसळल्यावर राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान काढलं, तेव्हा सातबाऱ्यावर कांद्याची नोंद दाखवायला तलाठ्याच्या दारात रांग लावणारेही आम्हीच. हातात सातबारा घेऊन ‘भीक नको’ म्हणायला जरा अवघड जातं.

म्हणून एक तोडगा सुचवतो. शेतीची थ्री-फेज लाइट आम्हाला पाळीपाळीनं मिळते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, बिबट्याच्या सोबतीनं. हेच वेळापत्रक सरकारला लावावं. आठ तास सरकार चालू, सोळा तास बंद. चालू असताना त्यानं रस्ता करावा, एसटी सोडावी, रात्रीची लाइट दिवसा द्यावी. डॉलर, टन, टक्के असला जास्त दाबाचा भार टाकला की फ्यूज उडालाच पाहिजे.

हा तोडगा चहाच्या टपरीवर मांडला, तर सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकार आटोक्यात हवं, यावर एकमत झालं. उपसूचना एकच आली: कांदा चढला की सरकार बंद, कांदा पडला की चालू. दिल्लीचा नियम नेमका याच्या उलटा आहे, म्हणजे सरकार मर्यादित असावं हे दोन्हीकडं मान्य आहे. वाद फक्त स्टार्टर कुणाच्या विहिरीवर बसवायचा, एवढाच उरलाय.