तात्पर्य काय, तर मी

पनवेलमध्ये परिसंवाद मधुमेहावर असो नाहीतर मराठी शाळांवर, शेवटी 'रॅप-अप' मलाच करावा लागतो. पूर्वी याला अध्यक्षीय समारोप म्हणत आणि शाल मिळे. रॅप-अपला गळ्यात अडकवायचं कार्ड मिळतं. तरी मी नाही म्हणत नाही. चार वक्त्यांनी घसा कोरडा करून सांगितलेलं मी पाच मिनिटांत सांगतो आणि टाळ्या घेतो. पोळ्या दुसऱ्यांनी लाटायच्या आणि तूप आपल्या पानात ओढायचं, याची इतकी राजरोस सोय सार्वजनिक जीवनात दुसरीकडे नाही.

'त्या टाळ्या सुटल्याच्या असतात. लोक थांबतात ते बटाटेवड्यासाठी,' असं आमच्या घरातून कळतं. पण वडे तर आभारप्रदर्शनानंतर येतात. मग आभार मानणाऱ्याचं कुणी का ऐकत नाही?

शिवाय मला शास्त्राधार आहे. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायचं तर उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, आधी ताडून पाहावेत, असं मीमांसकांनी सांगून ठेवलंय. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात ही कसोटी मांडली आणि पंधराव्या, शेवटच्या प्रकरणाला नावच 'उपसंहार' दिलं. आमचे पनवेलकर जातिवंत मीमांसक. दीपप्रज्वलनाला हजर, मधली भाषणं बाहेर चहाच्या टपरीवर, आणि माझं नाव पुकारलं की पुन्हा खुर्चीत. शास्त्राप्रमाणे कार्यक्रम फक्त त्यांनाच कळलेला असतो. आत बसून सगळं ऐकणाऱ्यांची मला कीव येते.

मात्र या खात्यातलं माझं दैवत म्हणजे ज्ञानेश्वर. गीतेचे सातशे श्लोक, त्यांवर नऊ हजारांच्या घरात ओव्या, शके 1212. आणि शेवटी पसायदान किती? ओव्या नऊ! त्यांत अठरा अध्यायांचा गोषवारा नाही, 'तर मंडळी, आपण काय पाहिलं' नाही, मुद्दा क्रमांक एक नाही. काम पुरं झालं, आता प्रसाद द्या, एवढंच मागणं. तेही स्वतःसाठी नाही. इथे आमच्यातलं साम्य संपतं, कारण मी निदान रिक्षाभाडं मागतो. गावोगावच्या सभा आजही त्याच नऊ ओव्यांनी संपतात, म्हणजे माझ्या रॅप-अपनंतर त्यांचा रॅप-अप असतो. सगळे उठून उभे राहतात. माझ्या वेळीही काही जण उठतात, पण त्यांना लोकल गाठायची असते.

परवाचा विषय होता मुंबई-गोवा महामार्ग. पनवेलकरांचा हक्काचा विषय, कारण कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा 66 क्रमांकाचा रस्ता आमच्या दारातून निघतो. पनवेल ते रायगडातलं इंदापूर, 84 किलोमीटर, या पट्ट्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. वक्ते भूसंपादनावर बोलले, कर्नाळा अभयारण्यापाशी अडलेल्या परवानग्यांवर बोलले, ठेकेदारांवर बोलले, दर गणपतीआधी दिल्या जाणाऱ्या नव्या तारखांवर बोलले. मी झकास टिपणं काढली होती. एक कोटीही जुळवून ठेवली होती.

प्रश्नोत्तरांत एक बाई उठल्या. त्यांनी प्रश्न विचारला नाही. मुलगा गणपतीला मोटारसायकलवरून गावी निघाला, तो पेणच्या पुढे गेलाच नाही, एवढं सांगून त्या बसल्या. माईक हातात तसाच राहिला होता, तो शेजारच्याने काढून घेतला.

'आता सर रॅप-अप करतील,' निवेदिका म्हणाली.

कशाचा करणार? ज्या कामाचा नारळ तेवढा फुटतो आणि शेवट दरवर्षी पुढच्या गणपतीवर ढकलला जातो, त्याचं तात्पर्य काढायला मीमांसक आणायचे कुठून? कोटीवर माझा फार जीव होता, पण ती त्या बाईंसमोर तोंडातून निघेना. 'मी काही बोलत नाही,' म्हणालो आणि खाली बसलो.

संयोजक बेहद्द खूश. इतका नेमका रॅप-अप पनवेलने ऐकला नव्हता म्हणे. पुढच्या महिन्यात घनकचऱ्यावर परिसंवाद आहे, त्याची तारीख त्यांनी तिथल्या तिथे मागितली. मी डायरी चाळल्यासारखं करून दिली.